कुऱ्हाडीचा परवाना

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरभेद्या माणसाला ती लावतात, आणि लावणाराचा राग बहुधा रास्तच असतो. पण म्हणीतल्या माणसाला क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या कुऱ्हाडीकडे पाहिले, तर एक साधी गोष्ट ध्यानात येते. दांड्यावाचून कुऱ्हाड चालत नाही आणि झाडावाचून दांडा मिळत नाही. नांगर, पाभर, गाडीचे जू, घराचे आढे, दाराचा उंबरठा, तान्ह्याचा पाळणा, देवापुढचा पाट आणि शेवटची ती सरणाची लाकडे, एवढा सगळा संसार माणसाने झाडाच्या जिवावर मांडला आहे. तेव्हा ‘झाड कधीच तोडू नये’ हे उत्तर ऐकायला गोड असले, तरी ते देणारा बहुतेक वेळा लाकडी खुर्चीतच बसलेला असतो.

मी शाळामास्तर आहे. दर पावसाळ्यात मुलांकडून वृक्षांवर निबंध लिहवून घेणे हा माझ्या नोकरीचा भाग आहे. झाडे का लावावीत, हे मुलांना तोंडपाठ असते. परंतु झाड तोडायची वेळ आली तर ते कोणते तोडावे, केव्हा तोडावे नि कोणाला विचारून तोडावे, हे त्यांच्या पुस्तकात कोठे सापडत नाही. आपल्या इतिहासात मात्र ते सापडते. तीनशे वर्षांपूर्वी एका मराठी मुत्सद्द्याने हा प्रश्न नीट मांडून ठेवला, आणि पुढच्या तीन शतकांत त्या मांडणीची वारंवार परीक्षा झाली. ती परीक्षा कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे.

हा मुत्सद्दी म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत हा पुरुष बसलेला. पुढे संभाजीराजे, राजाराम, ताराबाई अशा तीन कारकिर्दी त्याने पाहिल्या आणि त्यांतले भले-बुरे दिवस अंगावर काढले. उतारवयात, १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या छत्रपती संभाजींसाठी त्याने राजनीतीचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो ‘आज्ञापत्र’. त्यातला झाडांविषयीचा मजकूर आज पुष्कळदा ‘शिवाजी महाराजांचे पत्र’ म्हणून भिंतींवर लावलेला दिसतो. वस्तुतः तो अमात्यांच्या या ग्रंथातला, आरमाराच्या प्रकरणातला आहे. विचार शिवकाळाच्या शिस्तीतून आला असेल. लेखणी अमात्यांची आहे.

झाडांचा विषय आरमाराच्या प्रकरणात का यावा, हे समजायला फार विचार नको. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर मराठ्यांना समुद्र भेटला. समुद्र भेटला तशी गलबते आली, आणि गलबत म्हणजे तरंगणारे लाकूड. कणा, फासळ्या, फळ्या, डोलकाठी, वल्ही, सगळे झाडांपासून. अमात्यांपुढे पेच होता तो असा: आरमार तर पाहिजे आणि रयतही राहिली पाहिजे.

त्यांनी काढलेली वाट थोडक्यात अशी. राज्यातल्या अरण्यात साग वगैरे जी कामाची झाडे आहेत, त्यांतले जरूर तेवढेच तोडावे आणि तेही हुजूरची परवानगी घेऊन. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस यांचीही लाकडे आरमाराच्या उपयोगाची आहेत. पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत. रयतेने ती लावली, पोटच्या पोरासारखी वाढवली. ती तोडली म्हणजे तिच्या दुःखाला पार राहत नाही. आणि दुसऱ्याला दुःख देऊन जे कार्य केले जाते, ते करणाऱ्यासकट लवकरच नाहीसे होते. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर त्याच्या धन्याला राजी करावे, पैसा द्यावा, त्याचा संतोष झाल्यावर ते तोडावे. जबरदस्ती अगदी करू नये.

या हुकमात तीन प्रश्न आहेत आणि ते एकापुढे एक येतात. लाकूड खरोखरच पाहिजे आहे काय, हा पहिला. झाडाचे वय झाले आहे काय, हा दुसरा. आणि ज्याचे झाड त्याला विचारले काय, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे आल्यावाचून अमात्य कुऱ्हाडीला परवाना देत नाहीत.

त्याच ग्रंथात किल्ल्यांच्या प्रकरणातही झाडे येतात आणि तेथे अमात्य अधिकच हिशेबी दिसतात. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी थोर झाडे नि फुलझाडेही लावावीत, जतन करावीत. अडचणीच्या वेळी तीच लाकडे उपयोगी पडतील. म्हणजे गडावरचे झाड हे संकटाकाळी तोडण्यासाठीच वाढवायचे. उलट गडाच्या भोवतालची दाट झाडी ही गडाची राखण. तीतली एक काठीसुद्धा तोडू द्यायची नाही. दोन्ही झाडे एकाच डोंगरावरची. एक वेढ्याच्या दिवसांत तोडण्यासाठी, दुसरे वेढाच घट्ट बसू नये म्हणून राखण्यासाठी. कोणते झाड कशासाठी उभे आहे, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच ते केव्हा पाडावे हेही कळते.

हे वाचून भारावून जाणे सोपे आहे, म्हणून दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. मनाईचा हुकूम जेव्हा एवढ्या कळकळीने लिहिला जातो, तेव्हा ती गोष्ट कोठे तरी घडत असते. रयतेचे आंबे-फणस कोणीच तोडत नसते, तर अमात्यांनी त्यावर शाई खर्च केली नसती. दुसरे असे की, राजी करायचे ते फळझाडाच्या धन्याला. अरण्यातल्या सागापाशी मात्र परवानगी हुजूरची. त्या अरण्यात राहणारे ठाकूर, कातकरी, कोळी यांना विचारावे, असे तेथे कोठे म्हटलेले नाही. तिसरा प्रश्न परसाच्या कुंपणापर्यंत येऊन थांबला होता. पुढचा सारा इतिहास त्या कुंपणापलीकडचा आहे.

मराठ्यांच्या गलबतांची जागा इंग्रजांच्या जहाजांनी घेतली, तेव्हा सागाची किंमत एकदम वाढली. इंग्लंडातला ओक हा जहाजाचा जुना धनी. पण त्याच्या लाकडातल्या आंबटपणाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागात तेलाचा अंश असल्यामुळे खिळा शाबूत राहतो, वाळवीही सहसा लागत नाही. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले नि त्यांच्या घराण्याने येथल्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. १८१० चे ‘मिंडेन’, १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’ ही त्या गोदीची लेकरे. चीनला मान वाकवायला लावणारा नानकिंगचा तह १८४२ साली याच ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. आणि १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ तर अजूनही इंग्लंडच्या किनाऱ्यावर हार्टलपूल येथे पाण्यात उभे आहे. दोनशेहून अधिक वर्षे झाली. मलबारच्या सागाने इमान सोडलेले नाही.

तो साग ज्या रानांतून आला, तेथली हकीकत एवढी देखणी नाही. मलबारचे साग पुरत राहावेत म्हणून कंपनी सरकारने १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांस जंगलांचे रक्षक नेमले. रक्षक हा शब्द ऐकून वाटेल की झाडे राखायला माणूस नेमला. त्याने राखली ती झाडे नसून झाडांवरची कंपनीची मालकी. सागावर राज्याचा हक्क पुकारला गेला, खाजगी रानांच्या धन्यांना आपलाच साग तोडायची चोरी झाली, कुणब्याला सरपणाची अडचण पडली. ओरड इतकी झाली की १८२३ साली मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी ती जागाच मोडून टाकली. अमात्यांचे भाकित येथे अगदी जसेच्या तसे उतरले, असे म्हणायला हरकत नाही. कंपनीने पहिला प्रश्न विचारला होता. तिसरा विचारला नव्हता.

यानंतर आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ते एकवीस मैलांचे अंतर आपल्याला शाळेपासून पाठ आहे. रुळांखाली काय होते ते मात्र कोणी पाठ करून घेत नाही. एक मैल रूळ टाकायला सुमारे १,७६० ते २,००० स्लीपर लागतात. ते लाकडाचे, ऊनपावसात काही वर्षांनी कुजणारे, म्हणजे एकदा तोडून भागत नाही, पुन्हा पुन्हा तोडावे लागते. काही स्लीपर परदेशाहून आले हे खरे. तरी लोहमार्ग हजारो मैल पसरला, तशी साग, साल, देवदार यांची राने त्याच्या पोटात गेली. कित्येक मार्गांवर इंजिनेही आरंभी लाकडावरच चालत.

या तोडीचे परिणाम ओळखणारी माणसे इंग्रजांतही होती, हे सांगितले पाहिजे. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेवर अलेक्झांडर गिब्सन नावाचे एक डॉक्टर होते. १८४७ साली त्यांना मुंबई इलाख्याच्या जंगलांवर नेमण्यात आले. १८५५ मध्ये डलहौसीने जंगलांविषयीचे सरकारी धोरण लिहून काढले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. पाठोपाठ १८६५ चा वनकायदा आला आणि त्याहून कडक असा १८७८ चा.

ब्रँडिसच्या शास्त्राने दुसरा प्रश्न, वयाचा प्रश्न, पहिल्यानेच नीट हाताळला. जंगलाचे भाग पाडायचे, त्यांना कूप म्हणायचे. दर वर्षी एकाच कुपात तोड करायची, म्हणजे शेवटच्या कुपाची पाळी येईतो पहिल्यातले झाड पुन्हा उभे राहते. मलबारात कलेक्टर कॉनोली यांनी निलांबूर येथे १८४० नंतर सागाची लागवड सुरू केली. १८४६ मधल्या त्या लागवडीचा एक तुकडा आजही जतन केलेला आहे. दाट लागवडीत विरळणी करावीच लागते, हे सागाच्या लागवडीत काम केलेला कोणीही सांगेल. दोन-दोन मीटरवर रोपे लावली तर एका हेक्टरात २,५०० रोपे बसतात. ती सगळी तशीच ठेवली तर उन्हासाठी एकमेकांशी झगडत नुसती काठ्यांसारखी उंच जातात, एकाचाही बुंधा भरत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी दुबळी, वाकडी झाडे काढून टाकायची. त्यांच्या वाट्याचे ऊन-पाणी उरलेल्यांना मिळते. येथे तोडणे हाच सांभाळण्याचा भाग आहे. बांबूच्या बेटाचेही तसेच. पक्व काठ्या वेळेवर काढल्या नाहीत तर बेट गुदमरते. पण त्याच वर्षी फुटलेला कोवळा कोंब तोडला तर पुढची पिढीच तुटते. हे शास्त्र आपले बुरूड वनखाते जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून जाणत आले आहेत.

तेव्हा १८७८ च्या कायद्याचा दोष शास्त्रात नव्हता. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होता. अमात्यांनी म्हटले होते, धन्याला राजी करा. नव्या सरकारने धनीच पुसून टाकला. जंगले राखीव, संरक्षित अशी वर्गांत घातली. राखीव जंगलात सरकारच धनी, आणि शेजारच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जे हक्क भोगले, त्यांना सवलत हे नाव मिळाले. हक्क सांगावा लागत नाही. सवलत मात्र मागावी लागते, आणि मागितल्यावर ती नाकारताही येते. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात या नव्या जंगलखात्यावर त्यांनी जो कोरडा ओढला आहे, तो झाडे राखण्याविरुद्ध नाही. डोंगर-दऱ्या, गायराने सगळी खात्याच्या घशात गेल्यावर गरिबाच्या गुराने पाय तरी कोठे टेकावा, हा त्यांचा सवाल आहे.

ठाणे-कुलाब्याकडे या सवालाला ‘राब’ हे नाव होते. कोकणातला भातशेती करणारा माणूस पावसाआधी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटतो, पालापाचोळा, शेण, गवत यांच्यासह रोपवाटिकेच्या जागी पसरतो आणि पेटवतो. तण जळते, जमीन भाजते, राखेचे खत होते, भाताचे रोप जोमाने येते. खात्याच्या साहेबाला यात झाडाची नासधूस दिसली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते झाड त्याच्या भाताची आईच होते. तो ते मुळापासून तोडत नव्हता, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फांद्या लागणार. दोघेही झाडाकडेच पाहत होते. पण एकाला खोडाचे लाकूड दिसत होते, दुसऱ्याला फांदीचा पाला. तंटा इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी एक कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. काही गाऱ्हाणी ऐकली गेली, काही सवलती मिळाल्या. धनी मात्र सरकारच राहिला.

या साठलेल्या रागाला १९३० साली तोंड फुटले. दांडीला मीठ उचलले गेले. पण विदर्भात समुद्र नव्हता. तेथे कायदा मोडायचा तर जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि अटक करून घेतली. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर गावी शेतकरी नि आगरी-आदिवासी मंडळी अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली, ती कोयते-कुऱ्हाडी घेऊनच. गोळीबार झाला, माणसे मेली. आज मुले झाडाला मिठी मारतात आणि त्याला आंदोलन म्हणतात, ते योग्यच आहे. पण आपल्याच जिल्ह्यांत एकदा झाड तोडणे हेच आंदोलन होते, हे आपण त्यांना सांगत नाही. दोन्ही ठिकाणी भांडण एकाच गोष्टीचे आहे: निर्णय कोणाचा?

इतके सांगितल्यावर असे वाटू नये की सारा दोष सरकारचा, नि तोड म्हटली की अन्यायच. निकडीची, निरुपायाची तोड असते. तिचे सर्वांत बोलके उदाहरण सालाच्या जंगलात मिळते. मंडला जिल्हा आज मध्य प्रदेशात असला, तरी १९२० नंतरच्या दशकात तो नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताचा भाग होता. त्या काळी तेथल्या सालवनांत खोड पोखरणाऱ्या भुंग्याची मोठी साथ आली. पुढे १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तशीच साथ पुन्हा आली. या किड्याची मादी सालाच्या खोडावर अंडी घालते, अळ्या सालीखाली शिरून लाकूड पोखरीत जातात, बुंध्याशी भुशाचा ढीग पडतो, आणि पहिल्या पावसाबरोबर नवे भुंगे बाहेर पडून शेजारच्या झाडांवर जातात. सशक्त झाड आपल्या राळेत पुष्कळ अळ्या बुडवून मारते. पण साथीच्या दिवसांत त्याचेही बळ पुरत नाही. अशा वेळी ज्या झाडात जिवंत अळ्या आहेत, ते पावसाआधी तोडून जंगलाबाहेर नेण्यावाचून गत्यंतर नसते. आणखी एक उपाय तर ऐकूनच माणूस विचारात पडतो. भर पावसाळ्यात सालाची काही झाडे मुद्दाम पाडतात, त्यांच्या ओंडक्यांची साल ठेचतात. त्या रसाच्या वासाने लांबलांबचे भुंगे तेथे जमतात, नि मग ते वेचून मारतात. हजारांना वाचवण्यासाठी थोड्यांचा बळी द्यायचा. येथे झाडाचा वैरी झाडच नाहीसे करू पाहतो, आणि कुऱ्हाड त्याच्या आड येते.

पण याच उदाहरणातला एक बारकावा विसरून चालत नाही. ज्या झाडातून अळ्या केव्हाच निघून गेल्या आहेत, ते नुसते वाळलेले झाड कोणाचेही वाईट करीत नाही. ते घाईने तोडण्यात लाकडाचा लाभ असेल, औषध नव्हे. आजारी झाडाचे नाव सांगून धडधाकट झाड पाडण्याचा मोह येथेच शिरतो. म्हणून निकडीच्या तोडीतही प्रत्येक खोड पाहून, खूण करून, मोजून तोडावे लागते. रस्त्याकडेच्या जीर्ण झाडाचे तसेच. पावसाळ्यात ते कोसळते आणि खाली माणूस सापडतो, तेव्हा आपण झाडाला दोष देतो. त्याच्या मुळांभोवती सिमेंट कोणी ओतले, चर खणताना मुळे कोणी छाटली, एकाच बाजूच्या फांद्या तोडून तोल कोणी घालवला, हे कोणी विचारत नाही. पुष्कळ झाडे म्हातारी होऊन धोकादायक होत नाहीत. ती धोकादायक केली जातात.

तिसऱ्या प्रश्नाचे फार जुने उत्तर आपल्या देवरायांत मिळते. सह्याद्रीच्या कुशीत आजही अशी राने आहेत की ज्यांतली वाळकी काडी उचलायला लोक धजत नाहीत. तरीही देवळाचे छप्पर कोसळले, तर त्याच राईतले एखादे झाड कामास येते. मात्र आधी देवाला कौल लावायचा. देवाने दिला तर झाड, नाही तर नाही. शिकलेली माणसे कौलाला हसतात. त्या कौलात एक शहाणपण आहे असे मला वाटते: एकट्याच्या मनात आले म्हणून झाड पडत नाही. सगळ्या गावासमोर मागणी बोलून दाखवावी लागते आणि नकार ऐकायची तयारी ठेवावी लागते.

स्वराज्य आल्यावर कौलाची जागा कागदाने घेतली. १९६४ साली महाराष्ट्रात झाडे तोडण्यावर नियमन घालणारा कायदा झाला. साग, आंबा, फणस, हिरडा, मोह, चिंच, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी विनापरवाना तोडता येईनात. अमात्यांच्या आंबा-फणसाला सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी कायद्याचे कवच मिळाले, असे म्हणावयाचे. १९७५ साली शहरांसाठी निराळा कायदा आला. त्याने नगरपालिकांत वृक्ष प्राधिकरणे नेमायला लावली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावीत, असा दंडक घातला. हेतू चांगला आहे. पण ऐंशी वर्षांच्या एका वडाबदली ऐंशी रोपे हा हिशेब कागदावर जुळतो, जमिनीवर नाही. वर्षा-दोन वर्षांत होणारी ही झाडे नव्हेत, असे अमात्यांनी म्हटले ते याचसाठी. ऐंशी रोपांना सावली पडायला पुन्हा वर्षेच लागतात, आणि वर्षे कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाहीत.

कायदा असूनही विचारणे कसे राहून जाते, ते २०१९ साली मुंबईच्या आरे वसाहतीत दिसले. भुयारी मेट्रोच्या कारशेडसाठी तेथली झाडे जाणार होती. शहराला मेट्रो हवी होती, यात संशय नाही. २०२४ पासून त्या मार्गावर गाड्या धावूही लागल्या. म्हणजे पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. पण ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यांत्रिक करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. निकाल बाजूने लागला होता, कागद हाती होता. मग रात्र कशाला पाहिजे होती? ज्याला राजी केले आहे त्याच्या झाडाला कोणी रात्री हात लावत नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या लहानशा गावी आहे. या गावाभोवतालच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याकडे जाई. गावाकडे मजुरी येई. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सभा घेऊन, अभ्यास करून, सर्वांचे एकमत होईतो निर्णय न घेण्याची शिस्त पाळून त्याविरुद्ध उभे राहायचे ठरवले. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचा. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले.

मला हा प्रसंग आपल्या वनांच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग वाटतो. परवान्याचे ते पुस्तक दिसायला पावतीबुकापेक्षा निराळे नसेल. पण अमात्यांच्या हुकमात जी परवानगी हुजूरकडे होती, कंपनीच्या अमदानीत जी वॉटसनसाहेबांकडे गेली, १८७८ मध्ये जी खात्याच्या कपाटात कुलुपात पडली, ती त्या दिवशी रानात राहणाऱ्या माणसाच्या हाती आली. कुंपणापाशी थांबलेला तिसरा प्रश्न रानात शिरायला तीनशे वर्षे लागली. आणि परवाना हाती आला म्हणून गावाने रान सपाट केले, असे झाले नाही. बांबू तोडला गेला, विकला गेला, पैसा ग्रामसभेत आला. रान उभे आहे. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच बेटाकडे जायचे असते, त्याला कोवळा कोंब सोडायला शिकवावे लागत नाही.

झाड तोडण्याचे सार्वकालिक असे सूत्र यातून हाती लागत नाही, आणि लागेल असे मला वाटतही नाही. आरमाराची गरज संपली, स्लीपर आता सिमेंटचे झाले, उद्याची गरज आणखी निराळी असेल. गरजा बदलतात, झाडांची वये कुठे तरी कागदावर चुकीची लिहिली जातात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांत फसगत होऊ शकते. तिसऱ्या प्रश्नात ती सहज होत नाही. झाडाचा धनी समोर उभा असतो, त्याच्या तोंडाकडे पाहून विचारावे लागते, आणि तो राजी आहे की नाही हे तोंडावरच दिसते. धनी कोण, एवढे मात्र दर पिढीला नव्याने ठरवावे लागते. अमात्यांना तो परसातला कुणबी दिसला, आपल्याला आता रानातला गोंड आणि पाड्यावरचा वारली दिसू लागला आहे. रस्त्याकडेच्या वडाला नावाचा धनी नसतो, तरी त्याच्या सावलीत चहाची टपरी असते, शाळेची पोरे असतात, वर घरटी असतात. त्यांना राजी कसे करायचे, हे अमात्यांनी लिहिलेले नाही. ते लिहिण्याची पाळी आपली आहे.